दहा बोटांचं औषध

तसं पाहिलं तर त्या औषधात प्रत्येकाचाच फायदा होता. सासूबाईंना संधिवाताने आखडलेली त्यांची बोटं परत मिळाली होती. डाव्या हाताची करंगळी तेवढी वाकडी राहिली होती, पण घड्याळ दुरुस्त करायला करंगळी लागते कुठे, असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. त्यांच्या मुलाचा, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचा, फायदा असा की आईच्या खोलीत जाऊन ‘कसं वाटतंय?’ विचारायचं आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत बाहेर पडायचं, ही रोजची शिक्षा टळली होती. सांध्यांच्या डॉक्टरांना एक चालतंबोलतं उदाहरण मिळालं होतं. नवीन पेशंट घाबरला की ते त्याला सलाइनच्या खोलीत सासूबाईंच्या खुर्चीपाशी आणायचे आणि सासूबाई काही न बोलता ब्लाउजचं वरचं बटण काढून परत लावून दाखवायच्या, जादूगारासारख्या. आणि सुनेला मिळाली होती सकाळ. त्याआधी सकाळ सासूबाईंची असायची: त्यांची वेणी, त्यांची बटणं, त्यांच्यासाठी फिरवलेला नळ, त्यांच्या हातात नीट बसवलेला कप, आणि या सगळ्यावर त्यांची टीका. ‘अगं, वेणी घालतेयस की दोर वळतेयस?’ औषध सुरू झालं आणि सकाळी एक रिकामी जागा तयार झाली, जिच्यात ती नुसती खिडकीपाशी उभी राहून चहा प्यायची. सगळ्यांत मोठा वाटा खरं तर तिचाच होता. म्हणूनच असेल, तो तिने कधी बोलून दाखवला नव्हता. मनातल्या मनातसुद्धा नाही.

आणि आज दुपारी, ती जिथे नर्सची नोकरी करत होती त्याच हॉस्पिटलात, सलाइनच्या खोलीत, समोरच्या ओळीतल्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी उजवा तळहात खुर्चीच्या रेक्झीनवर घासला. एवढंच. ओल्या हाताचं पाणी पुसावं तसा एकदा पुढे, एकदा मागे. दुसऱ्या हाताला सुई लावलेली होती, वर लटकवलेल्या पिशवीतून ते महागडं, पाण्यासारखं दिसणारं औषध थेंबथेंब उतरत होतं, आणि चेहरा नेहमीसारखाच होता, समोर आलेलं घड्याळ चोरीचं तर नाही ना असं बघणारा. सून त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका निवृत्त बस कंडक्टरच्या हाताची शीर शोधत होती. त्याच्या आतड्यांना सूज होती, आणि तोही सासूबाईंच्याच जातकुळीतलं औषध घ्यायला यायचा. घरच्या माणसाला आपण हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता. सासूबाईंकडे धाकटी सिस्टर बघायची, आणि ती आत्ता कापूस आणायला स्टोअरमध्ये गेली होती.

“सिस्टर, सापडली का शीर? का पुढच्या स्टॉपवर बघायचं?” कंडक्टर म्हणाला.

“हलू नका.”

“मी कुठला हलतोय? आयुष्यभर हलत्या गाडीत उभा राहिलो. आता कुठे बसायला मिळालंय.”

तिने सुई लावली, चिकटपट्टी दाबली, आणि पुन्हा समोर पाहिलं. सासूबाईंचा हात मांडीवर शांत पडला होता. रेक्झीन चिकटतं, ती स्वतःशी म्हणाली. उकडतंय. या खुर्च्यांचं रेक्झीन उन्हाळ्यात सगळ्यांनाच चिकटतं. हे म्हणताना तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणंच तिला टोचलं, कारण रेक्झीनचं हे स्पष्टीकरण तिचं नव्हतं. मागच्याच्या मागच्या वेळेला तिनेच विचारलं होतं, ‘आई, हाताला काय होतंय?’ आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘रेक्झीन चिकटतं गं. तुमच्या हॉस्पिटलला सांग, कापडाची खोळ घाला.’ तिने ते ऐकून घेतलं होतं. नुसतं ऐकून नव्हे, कृतज्ञतेने ऐकून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी पेशंटने हे सांगितलं असतं तर तिने त्याचा हात उलटा करून तळवा उजेडात धरला असता, बाही वर करून गांधी उठल्यात का पाहिलं असतं, घशात काही अडकल्यासारखं वाटतंय का विचारलं असतं. सासूबाईंच्या बाबतीत तिला रेक्झीनच हवं होतं. खाज निघाली तर डॉक्टरांना सांगावं लागणार, डॉक्टर औषधावर विचार करणार, आणि विचार सुरू झाला की सकाळ धोक्यात.

तळहाताचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगात आलं होतं लसीच्या खोलीतून. या खोलीत येण्याआधी कितीतरी वर्षं ती लस टोचायची. लस घेऊन झाली की माणसांना बाकावर थोडा वेळ बसवून ठेवायचं आणि त्यांच्याकडे बघत राहायचं, हे तिचं काम. आणि जगातला प्रत्येक माणूस त्या बाकावर बसायला नाखूष असतो. ‘मला काही होत नाही हो’, ‘गाडी चुकीच्या जागी लावलीय’, ‘घरी जाऊनच बसतो की’. मुळात तिथे बघण्यासारखं फारसं घडायचं नाही. पडायचे ते नुसते घाबरून पडायचे. एकदा पोलीस भरतीची सगळी तुकडी आली होती, छात्या पुढे काढून. त्यातला सर्वांत आडदांड गडी सुई बघूनच कपाटासारखा आडवा झाला, आणि त्याला पाहून त्याच्या मागचे आणखी दोघे. त्यांची नाडी सावकाश, अंग गार, चेहरा पांढराफटक. पाय उंच करून निजवलं की लाजून डोळे उघडायचे. ती त्यांना साखरपाणी द्यायची आणि कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायची. पण एकदा एक शाळामास्तरीण आली होती. ती पडली नाही. बाकावर बसून हसत म्हणाली, ‘सिस्टर, हातांना काय गुदगुल्या होतायत बघा.’ आणि दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायला लागली. मग तळपायांना. मग खोकला, कोरडा, बारीक, घसा साफ केल्यासारखा. चेहरा पांढरा नव्हे तर लाल. नाडी सावकाश नव्हे तर उधळलेली, आणि बोटाखाली सुतासारखी बारीक. सुनेने कुणाची वाट न पाहता कपड्यावरूनच तिच्या मांडीत ॲड्रेनलिन टोचलं होतं. बाई हळूहळू माणसात आली, रात्रभर हॉस्पिटलात राहिली, आणि पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन परत आली: नव्या कोऱ्या सलवारीला भोक पडलंय, आणि नुसत्या खाजेसाठी एवढा तमाशा करायची काय गरज होती? सून तिला समजावत बसली. समजावता समजावता तिच्या लक्षात आलं की वाचलेल्या माणसाला आपण मरत होतो हे पटवून देता येत नाही. वेळेवर दिलेलं औषध आपला पुरावा आपणच पुसून टाकतं. थांबली असती तर बाईला पटलं असतं. फक्त पटवून घ्यायला बाई उरली नसती. त्या दिवशीची चीड अजून तिच्या मनगटात कुठेतरी होती. अधूनमधून नाडी बघताना ती तिला जाणवायची, दुसऱ्याच्या नाडीच्या खाली, आपल्याच चिडीचा ठोका.

सासूबाईंनी पुन्हा हात घासला.

या वेळी सून चालत गेली. “आई, हाताला काय होतंय?”

“कुणाला? मला? काही नाही. तू तुझं काम कर. तुझा तो बसवाला बघ, नुसता बडबडतोय.”

“खाज येतेय?”

“अगं, म्हातारीच्या हाताला काय यायचंय? जा.”

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. सुनेने पदराकडे पाहिलं. तिथून पुढे नियम होता: घरच्या माणसाला हात लावायचा नाही. तिने नियमाकडे पाहिलं आणि नियमाने तिला सोय करून दिली. धाकटी येईल, धाकटी बघेल. तिने फक्त नळीवरची कळ थोडी फिरवून थेंब मंद केले आणि आपल्या टेबलाशी परत आली. आपण थेंब मंद केले म्हणजे आपल्याला काहीतरी वाटलं, आणि ज्याअर्थी नुसते मंदच केले त्याअर्थी काही वाटलं नाही, असा एक बावळट मधला मार्ग तिने निवडला होता आणि तो तिला स्वतःलाच दिसत होता. पण तिच्या जागी दुसरी कुणी असती तर? दुसरीची सकाळ कुणी नेत नव्हतं.

खरी गोम औषधात मध्ये पडलेल्या खंडात होती, हे तिला माहीत होतं. हे औषध शरीराच्या ओळखीवर चालतं. ठरल्या वेळी येत राहिलं तर शरीर त्याला घरचं समजतं. मध्येच बरेच दिवस दिसेनासं झालं आणि मग एकदम दारात उभं राहिलं तर चोर समजून अंगावर धावून जातं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चुकवू नका. आणि सासूबाईंनी दोन वेळा चुकवलं होतं, तेही मुद्दाम, कुणाला न सांगता. ‘गावाला जाऊन येते बहिणीकडे’ म्हणाल्या आणि खरोखरच गेल्या. उघडकीस आलं तेव्हा त्यांनी जे कारण सांगितलं ते जगात फक्त घड्याळवालीच देऊ शकते. ‘अगं, चालत्या घड्याळाला कुणी तेल घालतं का? एक थेंब जास्त झाला की तेल पसरतं, धूळ धरतं, चाकं जड होतात. बोटं चालताहेत. चालताहेत तोवर कशाला ओतायचं? थांबतील असं वाटलं की घालू.’ सासरे गेल्यावर घड्याळांचं दुकान त्यांनीच चालवलं होतं, घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि ओठ मिटलेले, कारण श्वासाने स्क्रू उडतो. त्यांची सगळी अक्कल त्या टेबलावर तयार झाली होती आणि त्या टेबलावर ती अचूक होती. फक्त माणूस म्हणजे घड्याळ नव्हे, आणि हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. नवरा म्हणाला होता, ‘बघू, डॉक्टरांना विचारू.’ ‘बघू’ हे त्याचं सर्व आजारांवरचं औषध होतं, आणि त्याची कुणालाही कधी रिॲक्शन आलेली नव्हती. खंड पडल्याचं डॉक्टरांना कळलं, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, बोटं तपासली, बोटं पुन्हा सुजायला लागली होती, आणि औषध परत सुरू झालं. त्यानंतरच कधीतरी त्या रेक्झीनचा विषय निघाला होता. हे सगळं सुनेच्या डोक्यात ओळीने मांडलेलं होतं, सुटे केलेले भाग कागदावर मांडावेत तसं. फक्त ते ती जोडत नव्हती.

“सिस्टर,” कंडक्टर म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, “तुमच्या आईंना बघा जरा. त्या उतरायला निघाल्यात.”

सासूबाई खुर्चीतून उठू पाहत होत्या. एक पाय जमिनीवर, एका हाताने सलाइनचा खांब धरलेला. “मला बाथरूमला जायचंय,” त्या म्हणाल्या, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. घोगरा होता, कुणीतरी आतून दार लावून घेतल्यासारखा. “पोटात कसंतरीच होतंय. मला जाऊ दे. मला इथे नाही बरं वाटत.” आयुष्यात कधी ‘बरं वाटत नाही’ न म्हणालेली बाई हे म्हणाली, आणि सुनेच्या डोक्यातले कागदावरचे भाग कुणी न जोडताच खटकन एकत्र बसले. नियम कुठे गेला ते तिला कळलं नाही. तिने आधी कळ बंद केली, नळीच काढून टाकली, मग सासूबाईंना खांद्याला धरून मागे लोटलं. खुर्चीची पाठ सपाट केली, पाय वर घेतले. “सोड, मला उठून बसू दे, दम लागतोय,” सासूबाई धडपडत होत्या. उठून बसवलं तर उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं, हे तिला माहीत होतं. आणि आडवं दाबून धरलेली सासू सुनेकडे कशी बघते, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं. नाडी सापडेना. मग सापडली: पळणारी, सुतासारखी. चेहऱ्यावर लाली नव्हती. अंगावर एकही गांध नव्हती. हेच तिला खटकलं, अगदी त्या घाईतही. सगळं आहे, फक्त ॲलर्जीची पाटी नाही. “ॲड्रेनलिन!” ती ओरडली. दारात कापूस घेऊन उभी राहिलेली धाकटी जागच्या जागी थिजली. “डॉक्टरांना विचारू का आधी?” “ट्रे दे!” तिने मांडीच्या बाहेरच्या अंगाला साडीवरूनच सुई घातली, ऑक्सिजन लावला, साधं सलाइन पूर्ण सोडलं, आणि मग धाकटीला पळवलं डॉक्टरांकडे. थांबून बघू, हे वाक्य ती शेवटी म्हणाली नव्हती. पण त्याआधी थेंब मंद करून ती नेमकं तेच म्हणाली होती, हेही तिला सुई बाहेर काढताना दिसलं.

डॉक्टर आले तेव्हा सासूबाईंचा रंग परत आला होता, आवाज परत आला होता, आणि त्या आवाजातली पहिली गोष्ट होती, “सगळी साडी भिजवली हिने.” डॉक्टरांनी सगळं तपासलं. ते वाईट डॉक्टर नव्हते. घाई करत नसत, ओरडत नसत, आणि आपल्याला माहीत नसेल तर तसं सांगत. म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं. “पुरळ नाही, ओठांना सूज नाही. आता प्रेशर ठीक आहे. नाडी जलद आहे, पण ती ॲड्रेनलिननेही होते. त्याआधी किती होती?”

“जलदच होती. बारीक.”

“मशीन लावलं होतं?”

“नाही. बोटांनी पाहिली.”

“हं,” डॉक्टर म्हणाले. त्या ‘हं’मध्ये अविश्वास नव्हता, फक्त ती सून आहे याची जाणीव होती. “आई, सकाळी काही खाल्लं होतंत?”

“कुठलं?” सासूबाई झटक्यात म्हणाल्या. “सकाळपासून पोटात काही नाही. मला तर चक्करच आली. ही उगाच घाबरली.”

सकाळी त्यांनी सुनेच्या समोर बसून दोन वेळा वाढून घेतलं होतं, दुसऱ्यांदा मागून. सुनेने रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टर म्हणाले, आज रात्री इथेच ठेवू, कारण असलं काही असेल तर काही तासांनी उलटून येऊ शकतं. उद्यापर्यंत शांत राहिलं तर चक्कर धरू. मग पुढच्या वेळेला ॲलर्जीची गोळी आधी देऊन, औषध अगदी हळूहळू सोडून बघायला हरकत नाही. “इतकं छान लागू पडलेलं औषध सोडवत नाही हो,” ते म्हणाले, आणि ते खरंच होतं, त्यांनाही सोडवत नव्हतं. कंडक्टर आपली बाटली संपवून जाताना तिच्यापाशी थांबला. “एक सांगू? मी रोज भरल्या गाडीत माणसं मोजायचो. चक्कर येऊन पडणारा माणूस दांडी सोडतो. तुमच्या आईंनी खांब असा धरला होता, की...” त्याने मूठ करून दाखवली आणि निघून गेला. त्याची साक्ष कोण घेणार होतं?

संध्याकाळी धाकटी दुसऱ्या पेशंटकडे गेल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले. छताकडे बघत, दुरुस्त करून दिलेलं घड्याळ गिऱ्हाइकाने परत आणावं तशा वैतागाने त्या पुटपुटल्या, “गोळी घेतली होती, तरी कसं गं झालं हे?”

“कुठली गोळी?”

“तीच. खाजेची. शिंका येतात तेव्हाची. मागच्या वेळेपासून घरूनच घेऊन येते मी. मागच्या वेळेला काय छान दबलं होतं. आज दोन घेतल्या.” मग मान वळवून, नेहमीच्या करड्या नजरेने, “कुणाला सांगू नकोस.”

म्हणजे पाटी होती. सासूबाईंनी ती आधीच पुसून ठेवली होती. खाज आणि गांधी ही दारावरची घंटा. गोळीने घंटा बंद होते, पण चोर आत येतोच. उलट कुणी उठत नाही म्हणून निवांत येतो. पहिल्यांदा नुसती खाज, मग गोळी घेऊन दबलेली खाज, आणि आज दोन गोळ्या घेऊनही हे. दर वेळेला एक पायरी वर. आणि डॉक्टर पुढच्या वेळेला गोळी देऊन, हळूहळू सोडून बघणार होते. सुनेला राग इतका आला की तो कुणावर काढावा हे कळेना. या बाईवर? हिने फक्त आपली बोटं वाचवली होती. घड्याळात एखादं चाक आवाज करत असेल तर आवाज बंद करायचा नसतो, चाक बघायचं असतं, हे हिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण घड्याळ दुसऱ्याचं असतं तेव्हा. स्वतःवर? तिच्या डोक्यात दोन वाक्यं एकाच वेळी उभी राहिली, आणि दोन्ही तिच्याच आवाजात. एक: सांगितलंस तर औषध कायमचं बंद, उद्यापासून वेणी, बटणं, नळ, कप. दुसरं: म्हणूनच तू सांगणार नाहीस. आणि मग तिसरं, जे सगळ्यांत वाईट होतं: आणि सांगितलंस तरी ते आपण तेवढ्या स्वार्थी नाही हे स्वतःला दाखवण्यासाठीच सांगशील. कुठल्याही बाजूने गेलं तरी मध्ये ती स्वतःच आडवी येत होती. स्वच्छ असं काही करायला जागाच नव्हती.

“आई, पुढच्या वेळेला जीव जाईल.”

“आणि नाही घेतलं तर? त्या आधीच्या वर्षी काय होतं, जीव होता?” सासूबाईंनी हात वर करून बोटं पसरली, खिडकीच्या उजेडात, एकेक मिटली आणि उघडली. “तू माझी वेणी घालायचीस तेव्हा मी डोळे मिटून बसायचे. तुला वाटायचं मला झोप येते. मला तुझे हात बघवायचे नाहीत गं. सरळ, भराभर चालणारे. मी म्हणायचे, देवा, हिचे हात मोडोत. मग म्हणायचे, नको, माझी वेणी कोण घालणार?” आणि त्या खोकत खोकत हसल्या. “तुलाही सुटकाच मिळाली ना? मग? गप्प बस दोघींच्या भल्यासाठी.”

नवऱ्याचा फोन आला. “म्हणजे नक्की काय झालं? चक्करच ना? डॉक्टर म्हणाले ना चक्कर? मग झालं तर. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.” त्याच्या आवाजात इतका भरवसा होता, आणि तो भरवसा तिने ‘हो’ म्हणावं म्हणून इतका अगतिक होता, की तिला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी संतापही. सगळ्यांनी मिळून एक चक्कर तयार केली होती, नेटकी, कुणाचं नुकसान न करणारी. तिने फक्त मान हलवायची होती. ती कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. समोरच्या खोलीत लस घेतलेली माणसं बाकावर बसून कंटाळत होती, कुणी घड्याळाकडे बघत होतं, कुणी दाराकडे. त्यांना काही होणार नव्हतं, बहुतेक. या ‘बहुतेक’साठीच तर ते बाक होते. कुणीतरी बसून बघत राहायचं, आणि बघितलेलं सांगायचं. मग सांगणाऱ्याचं मन कसलंही असो, त्यात काय मोठं? तळहाताला त्याचं काही पडलेलं नसतं. हा विचार फार उदात्त नव्हता. पण तो तिला डॉक्टरांच्या दारापर्यंत चालवत घेऊन गेला.

तिने सांगितलं: गोळ्या, किती आणि कधीपासून, त्याआधीच्या वेळचं रेक्झीन, सकाळचं जेवण, आणि आपण आधी नुसते थेंब मंद केले होते, तेही. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. “मग यात शंका नाही,” ते म्हणाले. “पुन्हा कधीच नाही द्यायचं हे.” त्यांनी लाल शाईने लिहिलं. मग म्हणाले, दुसरी औषधं आहेत, आधीची दोन लागू पडली नव्हती, तिसरं एक बघू, वेगळ्या प्रकारचं. एवढं चांगलं चालेल असं मात्र नाही सांगता येत.

ती परत आली तेव्हा सासूबाई जाग्या होत्या.

“सांगितलंस?”

“हो.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. भांडल्या असत्या तर तिला चाललं असतं.

तिसरं औषध आलं. ते काम करतं, पण सरकारी नोकरासारखं, अर्धा दिवस. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा शाबूत आहेत, बाकीची सकाळी उघडत नाहीत. पुढच्या खोलीतलं टेबल आहे, भिंग आहे, आणि गिऱ्हाईक आलं की सासूबाई म्हणतात, “पट्टा बदलायचा असेल तर द्या. आतलं आता बघत नाही.” एका दुपारी त्यांनी सुनेला टेबलाशी बसवलं. मी सांगते, तू कर. सुनेने श्वास रोखून चिमटा धरला, आणि तीळभर आकाराचा स्क्रू उडून फरशीवर कुठेतरी गेला. दोघी गुडघ्यांवर रांगत तो शोधत राहिल्या. “बोटांनी नाडी बघतेस म्हणे,” सासूबाई टेबलाखालून म्हणाल्या, “आणि एवढा स्क्रू धरता येत नाही?” स्क्रू सापडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं नाही. परवा जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, इतक्या दिवसांनी, “आई, तेव्हा खरंच एवढं काही झालं होतं का गं?” चमचा घसरू नये म्हणून सासूबाईंनी तो मुठीत धरला होता, लहान मुलं धरतात तसा. “मला काय ठाऊक?” त्या म्हणाल्या. “मला तर चक्कर आली होती. हिला विचार, हिलाच दिसलं सगळं.” आणि नवऱ्याने तिला काही विचारलं नाही.

तेव्हा शेवटी कुणी काय किंमत मोजली? नवऱ्याने काही मोजली नाही. त्याला आई मिळाली आणि शंकाही, आणि दोन्ही तो निवांत बाळगून आहे. डॉक्टरांचं बटण लावून दाखवणारं उदाहरण गेलं, पण दुसरं मिळालं. पेशंटला आता ते आधी विचारतात, घरून काही गोळी घेऊन आलात का, आणि धाकटी सिस्टर तळहात उलटे करून बघते. त्याने कुणीतरी वाचेल, आणि त्यालाही ते पटणार नाही. सुनेने किंमत म्हणून तिची सकाळ दिली. ती आता सासूबाईंची वेणी घालते आणि सासूबाई डोळे मिटून बसतात, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललंय हे आता तिला माहीत असतं. पण खरी किंमत तिनेही नाही दिली. तिने निदान ठरवलं तरी होतं. किंमत दिली ती जिला कुणी विचारलंच नाही तिने. सासूबाईंनी बोटं मागितली होती. त्याऐवजी त्यांना जीव देण्यात आला.